महाराष्ट्रातील व्यावसायिक कुस्तीच्या चित्रफिती आणि स्मरणरंजन

व्यावसायिक कुस्तीच्या चित्रफिती म्हणजे निकाल आधी ठरवून खेळल्या जाणाऱ्या मनोरंजनपर कुस्तीचे, घरच्या घरी पाहता येतील असे ध्वनिचित्रमुद्रण होय. भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे सामने व्हिडिओ कॅसेट, पुढे केबल दूरचित्रवाणी, सीडी, डीव्हीडी व आंतरजाल या क्रमाने घरोघरी पोहोचले. त्या काळी बालपण गेलेल्या प्रेक्षकांत या सामन्यांविषयी आजही मोठे स्मरणरंजन आढळते. महाराष्ट्रात या स्मरणरंजनाला एक वेगळी बाजू आहे. येथे मातीतील कुस्तीची जुनी परंपरा होती आणि मुंबईत व्यावसायिक कुस्तीचे सामनेही भरत. परंतु घरात जपली गेली ती प्रामुख्याने अमेरिकी कुस्ती, कारण चित्रफितीच्या रूपाने विकण्यासाठी तीच मुद्रित झाली होती.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कुस्ती हा राजाश्रय व लोकाश्रय लाभलेला खेळ आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी उभारले. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून होते. विदर्भासह राज्यभर गावोगावच्या यात्रांत दंगली भरतात. या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असणे हा कलंक समजला जातो. अशा लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणतात.

व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल ठरलेला असतो. मल्लांचे शारीरिक कौशल्य व त्यांना होणाऱ्या दुखापती खऱ्या असल्या, तरी वैर, सूड आणि विजय यांची कथा रचलेली असते. मुंबईत १९५० व १९६० च्या दशकांत अशा सामन्यांना 'फ्रीस्टाइल' म्हणत. दारासिंग व हंगेरियन वंशाचा महाकाय मल्ल किंगकाँग यांच्या लढतींना मोठी गर्दी होई. २९ मे १९६८ रोजी दारासिंग यांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांचा पराभव केला. खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तो प्रकारही फ्रीस्टाइलच. परंतु त्याचा या सामन्यांशी संबंध नाही. मराठी वृत्तपत्रांत आजही 'फ्रीस्टाइल हाणामारी' हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्यातील अर्थ ऑलिंपिकच्या प्रकाराला नव्हे, तर मुंबईतील त्या सामन्यांनाच जवळचा आहे.

चित्रफितींचे आगमन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि व्हीएचएस ही मुद्रणपद्धती जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली. म्हणजे दारासिंग यांच्या ऐन उमेदीच्या काळात सामना घरी मुद्रित करण्याची सोयच नव्हती. त्यांची छबी प्रामुख्याने 'किंगकाँग' (१९६२) व 'फौलाद' (१९६३) यांसारख्या हिंदी चित्रपटांतून टिकली.

अमेरिकेतील परिस्थिती वेगळी होती. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीने ३१ मार्च १९८५ रोजी न्यू यॉर्क येथे पहिला 'रेसलमेनिया' भरवला आणि त्याच वर्षापासून तिचे सामने 'कोलिझियम व्हिडिओ' या नावाने कॅसेटवर विक्रीस येऊ लागले. हल्क होगन व आंद्रे द जायंट यांच्यातील १९८७ ची लढत अशा चित्रफितींमुळे जगभर पोहोचली.

भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली व व्हिडिओचा प्रसार वाढला. कॅसेट व यंत्र दोन्ही भाड्याने देणारी दुकाने शहरांत आणि तालुक्यांच्या गावी निघाली. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर आहे. इतक्या दूरच्या प्रेक्षकांना मुंबईतील सामने पाहणे सहज शक्य नव्हते. कॅसेटने हे अंतर मिटवले. मात्र तिच्यातून आले ते मुंबईचे नव्हे, तर अमेरिकेचे आखाडे.

अमेरिकेतील दूरचित्रवाणी प्रणाली एनटीएससी, तर भारतातील पाल असल्याने तिकडील कॅसेट येथे चालवण्यासाठी दोन्ही प्रणालींचे यंत्र किंवा रूपांतरित प्रत लागे. प्रतीवरून प्रत काढताना चित्र फिके होई व पडद्यावर मुंग्या दिसत. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींत हे दोषही सामन्यांइतकेच घट्ट बसलेले आढळतात.

केबलचा काळ

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि कुस्तीचे कार्यक्रम नियमित दिसू लागले. द अंडरटेकर या मल्लाविषयी मुलांत अनेक दंतकथा पसरल्या. तो मरून पुन्हा जिवंत होतो, ही त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित होय. मल्लांची उंची, वजन व क्रमांक छापलेले 'ट्रम्प कार्ड' शाळाशाळांतून खेळले जात. 'खिलाडियों का खिलाडी' (१९९६) या हिंदी चित्रपटात अंडरटेकरचे पात्र होते. ते ब्रायन ली या दुसऱ्या मल्लाने साकारले होते. कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्येच न्यू जर्सी राज्यात आपला कार्यक्रम हा स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले होते. तरीही 'खरे की खोटे' हा वाद येथील घरांत आणि शाळांत पुढे अनेक वर्षे रंगत राहिला.

मूळ व संपादित आवृत्त्या

जुन्या कॅसेटना संग्राहकांत असलेले महत्त्व केवळ भावनिक नाही. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेशी झालेल्या न्यायालयीन वादानंतर कंपनीने २००२ साली आपले नाव बदलून वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट असे केले. त्यानंतर अनेक वर्षे पुनःप्रकाशित सामन्यांत जुने बोधचिन्ह धूसर केलेले असे. स्वामित्वहक्काच्या कारणाने काही ठिकाणी पार्श्वसंगीतही बदलण्यात आले. २००७ साली क्रिस बेन्वा याने पत्नी व मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्यानंतर कंपनीने आपल्या प्रसिद्धीतून त्याला जवळपास वगळले. त्यामुळे प्रथम प्रसारित झालेले रूप पाहण्यासाठी त्या काळच्या चित्रफितीच आधार ठरतात.

जतन व सद्यस्थिती

चुंबकीय फीत कायमस्वरूपी टिकत नाही. दमट हवेत तिच्यावर बुरशी येते आणि वारंवार चालवल्याने ती झिजते. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचे उत्पादन थांबवले. परिणामी चांगली कॅसेट हाती असली, तरी ती चालवण्यासाठी सुस्थितीतील यंत्र मिळणे कठीण झाले आहे. कंपनीने आपला जुना संग्रह २०१४ साली स्वतःच्या आंतरजाल सेवेद्वारे उपलब्ध केला. मात्र त्यात कोणत्या आवृत्त्या ठेवायच्या हे ती स्वतः ठरवत असे.

मुंबईतील फ्रीस्टाइल सामन्यांना आणि गावोगावच्या दंगलींना असा संग्रह लाभला नाही. दारासिंग यांचे १२ जुलै २०१२ रोजी निधन झाले; त्यांचे सामने प्रत्यक्ष पाहिलेली पिढीही आता वयोवृद्ध आहे. अलीकडे यात्रांतील कुस्त्या भ्रमणध्वनीवर मुद्रित होऊन आंतरजालावर येतात. त्यामुळे आजच्या मल्लांची लढत पुढील पिढ्यांना पाहता येईल. त्यापूर्वीच्या बहुतेक लढतींसाठी मात्र पाहणाऱ्यांच्या आठवणी, छायाचित्रे व वृत्तपत्रांतील वर्णने एवढाच आधार उरतो.