लाल गोळीची वेळ

सकाळी सात. कंपन्यांच्या बसेसनी तळेगाव चौक तुंबायच्या आत चाकण गाठायचं. आज नऊ तारीख. 2016पासून दर महिन्याच्या या तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते.

साडेनऊ. बाकांवर जागा नाही. खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांतून आलेल्या. कुणी लातूरची, कुणी बीडची, कुणी पार बिहारची. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, हिमोग्लोबिनचा आकडा समोर. अकराच्या आत आला की रक्त कमी, सातच्या आत गेला की थेट मोठ्या दवाखान्यात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायांचं रक्त कमी निघालं होतं.

साडेदहा. सहावा महिना, हिमोग्लोबिन 8.4. गेल्या महिन्यात 8.2. गोळ्या लागू पडल्या तर महिन्यात एकानं तरी वाढायला हवं.

"गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते की ताई, दोन्ही टाइम." रिकामी पाकिटंही आणलीत.

मग मी गोळीचं सोडून घड्याळाचं विचारते. नवरा फर्स्ट शिफ्टला, त्यामुळे साडेचारला उठून डबा. चहा होतो, त्याच घोटाबरोबर लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमचीही, एकदाचं उरकलं म्हणून. रात्री पुन्हा तेच. इथंच पाणी मुरतंय. चहा आणि कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाहीत. गोळीतलं साठ मिलिग्रॅम बरंचसं वाया. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही. सुटत नाही, आणि दोन तासांचं अंतर ठेवलं तर सोडायची गरजही नाही. कार्डाच्या मागं लिहून दिलं: सात वाजता लिंबूपाण्यासोबत लाल, दोन्ही जेवणांबरोबर कॅल्शियम, झोपताना दुसरी लाल. शी काळी होईल, घाबरायचं नाही. नवऱ्याची शिफ्ट बदलली की सगळं पुढं सरकवायचं.

बारा. आठवा महिना, 7.3, गोळी पोटात टिकतच नाही. डॉक्टरांनी शिरेतून लोह लिहिलं: शंभर मिलिलिटर सलाइनमध्ये दोनशे मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज. तपकिरी बाटली बघून ती विचारते, "रक्त चढवताय?" सुरुवातीचे थेंब हळू सोडून मी शेजारीच उभी, अंगावर पित्त उठतं का, धाप लागते का बघत. वीसेक मिनिटांत बाटली संपते, पुढचा अर्धा तास हलू द्यायचं नाही. एक दिवसाआड पुन्हा यायचंय. पॅकिंगच्या कामावर तेवढे खाडे. उपचार मोफत असले तरी खाड्याचे पैसे कापले जातातच, आणि त्यावर कुठलं औषध नाही.

साडेचार. आशाताईंबरोबर खोल्यांवर. या वेळेला फर्स्ट शिफ्टचे नवरे सापडतात. एकाची आई गावाकडून स्पीकरवर: "गोळ्यांनी पोर मोठं होतं, बाळंतपण अडतं." आशाताई तिला "काकू, काकू" करत समजावतात; तोवर मी पोराच्या मोबाइलवर सातचा गजर लावून घेते.

शेजारच्या खोलीला कुलूप. बाळंतपणाला माहेरी, जालन्याला गेली. घरमालकीण म्हणते, कार्ड नेलंय, गोळ्या खिडकीतच राहिल्यात. आशाताई माहेरी गेलेलीला फोन लावून तिकडच्या आशांचा नंबर मागतात.