स्पाइक गार्डच्या आधी अर्थिंग बघा

शहापूर-मुरबाडकडे कॉम्प्युटर वाचवायचा म्हणजे महागातला स्पाइक गार्ड घ्यायचा, असा समज दिसतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर दाब अचानक चढला की जादा वीज न्यूट्रलकडे आणि अर्थकडे वळवतो. अर्थची तार जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल, तर त्याचे अर्धे काम तिथेच अडते. त्यात सह्याद्रीच्या पायथ्याची ही मुरमाड, कातळाची जमीन मे महिन्यात कोरडी ठाक पडते, अर्थिंगचा रोध वाढतो आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहणे ही जुनी सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे.

कुणी म्हणेल, घरात एमसीबी आहे, स्टॅबिलायझरही आहे. पण एमसीबी जादा प्रवाहावर पडतो, दाबावर नाही. आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तेवढ्यात स्टॅबिलायझरचा रिले हलतही नाही. याउलट खांबावरचा न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब घरात येऊन टिकू शकतो. तो सोसताना व्हॅरिस्टरच जळतो. तिथे दाब वाढताच पुरवठा तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. वीज जवळ पडली तर मात्र यातल्या कशाचीच खात्री नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ती आली, की गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग काढा, आणि बाहेरून येणारी इंटरनेटची तांब्याची केबलही.