भुकेल्याला आपला चेहरा देणारा नायक

वाळवंटात एक वाटसरू भुकेनं मरायला टेकला आहे. दिवस मावळत आलाय. अशा वेळी आकाशातून कुणीतरी खाली उतरतं. गोल चेहरा, जाडसर अंग, पाठीवर ठिगळं लावलेला तपकिरी झगा. तो वाटसरूला सांगतो, माझा चेहरा खा. वाटसरू आधी कचरतो, पण भूक मोठी असते. तो खातो आणि त्याच्या अंगात जीव येतो. अर्ध्या चेहऱ्यानिशी हा नायक पुन्हा उडतो. पुढे रानात वाट चुकलेलं एक मूल भेटतं. उरलेला चेहरा तो त्याला देऊन टाकतो, आणि मग धडावर डोकं नसताना तसाच उडत राहतो. शेवटी तो एका बेकरीच्या धुराड्यापाशी कोसळतो. तिथले जॅमकाका नवा पाव भाजून त्याला नवा चेहरा देतात.

१९७३ च्या ऑक्टोबरात फ्रोबेल-कान या प्रकाशनसंस्थेनं बालवाडीतल्या मुलांसाठी काढलेल्या चित्रपुस्तकाची ही गोष्ट. नायकाचं नाव आनपानमॅन, लेखक-चित्रकार ताकाशी यानासे. पुस्तक आलं आणि मोठी माणसं बिथरली. स्वतःचा चेहरा खायला देणं हे क्रूर आहे, मुलांना असलं काही दाखवू नये, असं शिक्षक आणि समीक्षक म्हणू लागले. प्रकाशकाकडूनही यानासेंना सांगण्यात आलं की, असलं पुस्तक पुन्हा नको. आज त्याच नायकाच्या नावानं जपानात पाच शहरांत मुलांची संग्रहालयं आहेत, आगगाड्या धावतात, आणि ज्या घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे तिथे त्याचं चित्र असलेली एखादी तरी वस्तू सापडते.

आनपान हा पावाचाच एक प्रकार. मऊ गोल पाव आणि आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. आपल्याकडच्या पुरणाच्या फार जवळचं. १८७४ मध्ये तोक्योच्या गिन्झा भागातल्या किमुराया या बेकरीनं तो पहिल्यांदा केला. पाश्चात्त्य पाव जपानी जिभेला रुचावा म्हणून तांदळाच्या मद्याला लागणारं विरजण वापरून पीठ आंबवलं. १८७५ च्या एप्रिलमध्ये हा पाव मेइजी सम्राटांपुढे ठेवला गेला, तेव्हा त्याच्या मधोमध मिठात मुरवलेलं चेरीचं फूल बसवलं होतं. नंतर तो गल्लीबोळातल्या दुकानांत पोचला. स्वस्त, पोटभरीचा आणि गोड. यानासेंनी नायकाचं डोकं म्हणून नेमका हाच पाव निवडला, यात त्यांचं सगळं आयुष्य आलं.

यानासेंचा जन्म १९१९ चा. वडील वृत्तपत्रात होते. १९२४ साली चीनमधल्या शियामेन इथे ते वारले, तेव्हा ताकाशी पाच वर्षांचा होता. आईनं पुढे दुसरं लग्न केलं. ताकाशी आणि धाकटा चिहिरो, दोघंही शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात डॉक्टर असलेल्या काकांकडे वाढले. ताकाशीनं तोक्योला जाऊन डिझाइनचं शिक्षण घेतलं, एका औषध कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी धरली, आणि १९४१ मध्ये त्याला सैन्यात बोलावणं आलं.

सैन्यात त्यांच्याकडे सांकेतिक संदेशांचं काम होतं. चीनमध्ये त्यांची तुकडी फुचौच्या बाजूला होती आणि नंतर शांघायच्या दिशेनं लांबच लांब पायपीट झाली. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव त्यांना फार आला नाही. आला तो उपासमारीचा. रसद आटली, पातळ पेजेवर दिवस काढायची वेळ आली, रानातलं गवतही तोडून खाऊन झालं. बाकी सगळं सोसता येतं, भूक तेवढी सोसवत नाही, हे यानासे पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

चीनच्या जनतेला सोडवण्यासाठी आपण लढतोय, हे न्यायाचं युद्ध आहे, असं सैनिकांना सांगितलं गेलं होतं. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटांचं शरणागतीचं भाषण झालं आणि तो न्याय एका दिवसात उलटा झाला. कालचा मुक्तिदाता आज आक्रमक ठरला. १९४६ मध्ये यानासे घरी परतले तेव्हा कळलं की चिहिरो नाही. क्योतोच्या विद्यापीठातून नौदलात गेलेला हा भाऊ ‘कुरेताके’ या विनाशिकेवर होता. १९४४ च्या डिसेंबर अखेरीस तैवान आणि फिलिपिन्स यांच्यामधल्या बाशी सामुद्रधुनीत ती बुडाली. घरी आलेल्या अस्थिकलशात अस्थी नव्हत्या, लाकडाचा एक तुकडा होता.

कुठल्याही देशात, कुठल्याही काळात उलटणार नाही असा न्याय कोणता, हा प्रश्न यानासेंच्या मनात तिथून ठाण मांडून बसला. त्यांना सापडलेलं उत्तर फार साधं होतं: समोर कुणी उपाशी असेल, तर त्याला खायला देणं. आणि त्याला जोडूनच दुसरी अट. खरा न्याय करणाऱ्याला स्वतःला काहीतरी गमवावं लागतं. चेहरा खायला देण्याच्या कल्पनेत या दोन्ही गोष्टी एकाच घासात आल्या आहेत.

मात्र हे उत्तर कागदावर उतरायला वीसेक वर्षं गेली. कोचीतल्या वृत्तपत्रात नोकरी करताना तिथल्याच सहकारी नोबू यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि लग्न झालं. दोघं तोक्योला आली. यानासे मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या जाहिरात विभागात लागले. त्या दुकानाच्या प्रसिद्ध वेष्टनाच्या कागदावरची ‘मित्सुकोशी’ ही अक्षरं त्यांच्या हातची आहेत. १९५३ मध्ये नोकरी सोडून ते पूर्ण वेळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढू लागले. पण तो काळ ओसामु तेझुका यांच्या लांबलचक कथा-मांगांचा होता. चार चौकटींत विनोद करणाऱ्या यानासेंकडे काम कमी आणि चिंता जास्त. त्यांनी नाटकांचे सेट केले, रेडिओसाठी लिहिलं, गाणी रचली. १९६१ मध्ये लिहिलेलं तळहात सूर्यासमोर धरण्याचं त्यांचं बालगीत जपानी शाळांतून आजही गायलं जातं. गांडुळांपासून माणसांपर्यंत सगळे जिवंत म्हणून एकमेकांचे सोबती, असा त्या गाण्याचा आशय.

तेझुकांचा आणि त्यांचा संबंध केवळ स्पर्धेचा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. तेझुकांनी १९६९ च्या ‘सहस्र आणि एक रात्री’ या चित्रपटातल्या पात्रांच्या आरेखनाचं काम वयानं नऊ वर्षं मोठ्या यानासेंना दिलं. पुढे त्यांच्याच पाठबळावर यानासेंनी ‘दयाळू सिंह’ हा छोटा ॲनिमेशनपट केला. सगळा काळ ज्यांच्या नावावर चालला होता, त्या माणसानं मागे पडलेल्या सहकाऱ्याला असा हात दिला.

त्याच १९६९ मध्ये ‘पीएचपी’ मासिकात आनपानमॅन पहिल्यांदा अवतरला, तोही मोठ्यांच्या कथेत. तिथे तो अगदी माणूसच आहे. पोट सुटलेला, कपडे गबाळे. युद्धाच्या प्रदेशात उडत जाऊन भुकेल्या पोरांना तो पाव वाटतो. कुणी त्याला नायक मानत नाही. शेवटी विमानविरोधी तोफेचा मारा त्याच्यावर होतो. यानासेंच्या मनातल्या नायकाचं हे सर्वांत उघडं रूप, आणि लहान मुलांच्या पुस्तकाआधी ते वाचलं तर त्या पुस्तकातल्या ठिगळाच्या झग्याचा अर्थ लागतो.

१९७३ मधला जपान नायकांनी भरलेला होता. १९६६ मध्ये ‘अल्ट्रामॅन’ दूरचित्रवाणीवर आला होता, १९७१ मध्ये ‘कामेन रायडर’. राक्षस आणि नायक शहराच्या मधोमध झुंजत, इमारती पडत, आणि मुलं हरखून बघत. यानासेंचा आक्षेप त्या पडलेल्या इमारतींबद्दल होता. ज्यांची घरं तुडवली गेली त्यांची क्षमा कुणी मागत नाही, आणि भुकेल्या माणसाकडे तर कुणी बघतही नाही. त्यांचा नायक म्हणूनच वेगळा निघाला. पाण्यानं चेहरा भिजला की त्याची ताकद जाते. चेहरा मळला तरी जाते. कुणाला घास दिला तरी तो अशक्त होतो. आणि नवा चेहरा तो स्वतः करू शकत नाही. त्यासाठी जॅमकाका आणि त्यांची मदतनीस बाताको यांची भट्टी तापलेली असावी लागते. जगातल्या महानायकांत इतका परावलंबी नायक क्वचितच असेल, आणि त्याची थोरवी तिथेच आहे.

मोठ्यांना जे भीषण वाटलं ते मुलांना मुळीच वाटलं नाही. अक्षरओळख नसलेली, तीन-चार वर्षांची मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागू लागली. वाचनालयांतल्या प्रती हाताळून हाताळून फाटायच्या. समीक्षेची एक ओळही ज्यांनी वाचली नव्हती, अशा वाचकांनी हा निकाल लावला.

३ ऑक्टोबर १९८८ ला निप्पॉन टीव्हीवर मालिका सुरू झाली, तेव्हा यानासे ६९ वर्षांचे होते. फार अपेक्षा न ठेवता सुरू झालेली ती मालिका आजही चालू आहे. केइको तोदा यांचा आवाज पहिल्यापासून आनपानमॅनला आहे. भोवती पात्रांचं गावच वसलं: सँडविचच्या पावाचा शोकुपानमॅन, तिखट सारणाचा करीपानमॅन, खरबुजाच्या पावाची मेलोनपाना. एका ॲनिमेशन मालिकेतली सर्वाधिक पात्रं म्हणून २००९ मध्ये गिनेसनं नोंद केली तेव्हा त्यांची संख्या १,७६८ होती. शीर्षकगीताचे शब्द यानासेंचेच आहेत. आपण कशासाठी जन्मलो आणि काय करत जगायचं, हा प्रश्न ते गीत बालवाडीतल्या मुलांना थेट विचारतं.

खलनायक बाईकिनमॅन म्हणजे जंतू. अन्न आणि जंतू यांचं वैर सनातन, तरीही तो कधी मरत नाही. ठोसा खाऊन दूर आकाशात भिरकावला जातो आणि पुढच्या भागात परत येतो. जंतूंशिवाय पीठ फुगत नाही, पाव होत नाही, अशी यानासेंची यामागची भूमिका होती. शत्रूला संपवण्याची भाषा या मालिकेत नाही, आणि युद्ध पाहिलेल्या माणसानं ते सहज म्हणून केलेलं नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. मालिकेतला झगा स्वच्छ आहे, ठिगळं गेली आहेत. भागाचा शेवट बहुतेक वेळा ठोशानं होतो. खेळणी, बिस्किटं, डबे यांचा पसाराही प्रचंड आहे. मूळ पुस्तकातली वाळवंटातली ती संध्याकाळ या झगमगाटात मागे पडते. ठोशाबद्दल बोलायचं तर, ‘वन पंच मॅन’ या अलीकडच्या लोकप्रिय मांगाचं नावही आनपानमॅनवरूनच खेळकरपणे बेतलेलं आहे. त्यातला साइतामा एका ठोशात कुणालाही लोळवतो आणि त्या जिंकण्यालाच कंटाळलेला असतो. ठोशाच्या ताकदीला मर्यादा आहे, हे दोन्ही नायकांना ठाऊक आहे.

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर रेडिओ केंद्रांकडे आनपानमॅनच्या गीताची मागणी सुरू झाली. निवारा केंद्रांतली मुलं ते गाऊ लागली. यानासे तेव्हा ९२ वर्षांचे, प्रकृती ढासळलेली, निवृत्तीच्या विचारात. ते पुन्हा कामाला लागले. आपत्तिग्रस्त भागासाठी त्यांनी भित्तिपत्रकं काढून दिली. रिकुझेनताकाता इथे किनाऱ्यावरच्या हजारो झाडांमधून एकच पाइन वृक्ष उभा राहिला होता, त्याच्यावर गाणं रचलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सेंदाई शहरात आनपानमॅनचं संग्रहालय उघडलं. १३ ऑक्टोबर २०१३ ला, ९४ व्या वर्षी, यानासे गेले. २०२५ मध्ये एनएचके या वाहिनीनं ‘आनपान’ या सकाळच्या मालिकेत नोबू आणि यानासे यांच्या संसारावरून बेतलेली कथा दाखवली.

कोचीच्या किनाऱ्यानं जाणारा गोमेन-नाहारी हा छोटा रेल्वेमार्ग २००२ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रत्येक स्थानकासाठी यानासेंनी एकेक पात्र काढून दिलं आहे. गोमेन म्हणजे काकांचं गाव, जिथे दोघं भाऊ वाढले. जपानला जाणाऱ्यांनी तोक्यो-क्योतोच्या पलीकडे जाऊन तो प्रवास करावा. आणि मराठीत मुलांची पुस्तकं काढणाऱ्यांनी १९७३ चं ते छोटं पुस्तक एकदा हातात घेऊन पाहावं. आपल्या मुलांपर्यंत तो ठिगळाच्या झग्याचा नायक पोचायला हवा.