नोकरीच्या वाटेवर – भाग ६ : अभ्यासिकेतल्या वर्षांचं काय लिहायचं?

गेल्या रविवारी पहिल्या नोकरीच्या बायोडेटाबद्दल लिहिलं आणि आठवडाभर जी पत्रं आली, त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता. ‘पदवीनंतर चार वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी केली. आता थांबतोय. या चार वर्षांचं काय लिहू?’ कुणाची तीन वर्षं, कुणाची सात. कुणी किनवटला घरी परतलंय, कुणी अजून नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतंय. ठरलेला विषय पुढे ढकलते. आजचा लेख या मुलामुलींसाठी.

आधी काही आकडे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीपर्यंत पोचले २,८५५ आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे मुलाखत देऊन आलेल्यांपैकीसुद्धा अठराशेहून जास्त जण मोकळ्या हातांनी परतले. भरती करणाऱ्या माणसाला हे नेमके आकडे ठाऊक नसतील, पण या परीक्षेत लाखांतून शेकडाच निवडले जातात एवढं त्याला पक्कं माहीत असतं. निवड झाली नाही म्हणून तो तुम्हाला कमी लेखत नाही. त्याला खटकतो तो कोरा सोडलेला काळ.

मी बारा वर्षं भरतीचं काम केलं. एका जागेसाठी दीड-दोनशे बायोडेटा यायचे आणि पहिल्या चाळणीत एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिट यायचं. त्या अर्ध्या मिनिटात नजर तारखांवरून फिरते. ‘बी.एस्सी. कृषी, २०१८’ आणि त्यानंतर थेट ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं दिसलं की वाचणारा स्वतःच्या मनाने मधली जागा भरतो : आजारपण असेल, कुठून तरी काढून टाकलं असेल, काही लपवायचं असेल. खरी हकिगत या सगळ्या तर्कांपेक्षा कितीतरी चांगली असते, पण ती कागदावर नसते.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मामाच्या दुकानाचं किंवा मित्राच्या फर्मचं दोन वर्षांचं अनुभवपत्र जोडतात. हे अजिबात करू नका. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी किंवा नंतर पडताळणी करतात, पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्यांच्या नोंदी तपासतात. खोटं सापडलं तर नेमणूक रद्द होते, आणि ज्या ओळखीच्या माणसाने कागद दिला त्याचंही नाव जातं.

मग लिहायचं काय? इथे एका मुलीचं उदाहरण सांगते. परांडा तालुक्यातली, कृषी पदवीधर, पाच वर्षं सदाशिव पेठेत. तिच्या बायोडेटात तयारीबद्दल अक्षर नव्हतं. बोलता बोलता कळलं, की दुसऱ्या वर्षापासून घरून पैसे मागणं तिला जड जायला लागलं, म्हणून ती राहत होती त्याच गल्लीतली अभ्यासिका सांभाळायची. शंभरावर टेबलं, त्यांची फी, कुणाची मुदत कधी संपते याची वही, दिवे गेले की वायरमनला फोन, रात्री अकराला भांडणं सोडवणं. शिवाय एका टेस्ट सिरीजसाठी भूगोल आणि कृषी घटकांवरचे प्रश्न काढून द्यायची. मी विचारलं, हे का लिहिलं नाहीस? म्हणाली, ‘मॅडम, ते काय काम होतं का? मेसचे पैसे निघावेत म्हणून करत होते.’

मला हे वाक्य इतक्या मुलांकडून ऐकायला मिळालं आहे, की त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. ज्या कामाची लाज वाटून ते झाकून ठेवलं जातं, भरती करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पैशांचा हिशेब, शंभर माणसांशी रोजचा संबंध, वेळेत काम पुरं करून देणं. आम्ही तिचा मजकूर असा केला : ‘२०१८ ते २०२३, पुणे. राज्यसेवा परीक्षेची तयारी. दोनदा मुख्य परीक्षेस पात्र. याच काळात चार वर्षं अभ्यासिकेचं दैनंदिन व्यवस्थापन : जागावाटप, फीवसुली, जमाखर्च. सराव परीक्षांसाठी भूगोल व कृषी विषयांचे प्रश्नलेखन.’ चार ओळी. एकही शब्द खोटा नाही. पुढे ती एका शेतकरी उत्पादक कंपनीत लागली. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा दहा हजार कंपन्या उभारण्याची योजना आणली, तेव्हापासून गावाकडची बोली, सातबारा आणि एक्सेल हे तिन्ही कळणाऱ्या माणसांना तिथे काम आहे.

तुम्ही शिकवण्या घेतल्या असतील, मेसचा हिशेब ठेवला असेल, दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवले असतील, सुगीला गावी जाऊन ऊस घालवला असेल. लिहा. निव्वळ अभ्यासच केला असेल तर कुठल्या टप्प्यापर्यंत गेलात ते लिहा. ‘मुख्य परीक्षा’ या शब्दाला वजन आहे. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय हे झेरॉक्सच्या दुकानातल्या नमुन्यातले रकाने मात्र काढून टाका. नोकरीशी त्यांचा संबंध नाही.

आता मुलाखत. प्रश्न अनेक विचारतील, पण खरा प्रश्न एकच असतो : ‘उद्या जाहिरात आली तर सोडून जाल का?’ राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहे, म्हणजे तिशीतल्या उमेदवारापुढे ती वाट अजून उघडी आहे हे समोरच्यालाही कळतं. याचं उत्तर खोलीत गेल्यावर सुचत नाही, ते घरून ठरवून जावं लागतं. थांबायचं पक्कं केलं असेल तर सरळ सांगा : अमुक परीक्षा शेवटची, त्यानंतर पुस्तकं देऊन टाकली. मन अजून अडकलेलं असेल तर माझं मत ऐका. कायम नोकरीच्या मागे न लागता वर्षभराच्या कराराचं काम घ्या आणि तसं मोकळेपणाने सांगा. तीन महिन्यांत राजीनामा दिलात तर त्याच दारातून येणाऱ्या पुढच्या दहा जणांना ‘एमपीएससीवाले टिकत नाहीत’ हे ऐकावं लागतं.

उत्तर देण्याची ढबही बदलावी लागते. आयोगाच्या पॅनेलसमोर दोन्ही बाजू मांडून समतोल राखायची सवय लागलेली असते. कंपनीत ‘थकबाकी कशी वसूल कराल?’ असं विचारलं की आपली मुलं ग्रामीण अर्थव्यवस्थेपासून सुरुवात करतात. विचारणाऱ्याला एवढंच ऐकायचं असतं, की सोमवारी सकाळी पहिला फोन कुणाला कराल.

ओळखीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ‘नेटवर्किंग’ म्हटलं की आपल्याकडे वशिला आठवतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला आणि त्यावरचा त्यांचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांना विचारलं, त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटत होते असे १७ टक्क्यांच्या आत. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २८ टक्के. कारण साधं आहे. रोजच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीकडे असते.

अभ्यासिकेत हे स्पष्ट दिसतं. शेजारच्या टेबलावरच्या चौघांना तुमच्याइतकीच माहिती आहे. पण तीन वर्षांपूर्वी जो टेबल सोडून गेला आणि आज बँकेत, विमा कंपनीत किंवा एखाद्या सामाजिक संस्थेत आहे, त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. संकोचाने आपण तो लावत नाही. लावा. ‘दादा, नोकरी लावून दे’ म्हणू नका, त्यामुळे तोही अवघडतो. विचारा, ‘दादा, तुमच्याकडे माझ्यासारख्याला कोणत्या कामासाठी घेतात? तू सुरुवात कशी केलीस?’ दहा मिनिटं बोला, शेवटी आणखी एखाद्याचं नाव मागा. जे यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत पोचले होते त्यांनी आयोगाचं ‘प्रतिभा सेतू’ जरूर पाहावं. निवड न झालेल्या पण संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती तिथे नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध असते. आणि नोंदणी किंवा अनामत म्हणून पैसे मागणाऱ्याला, तो कितीही ओळखीचा असला, एक रुपयाही देऊ नका.

आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत शेवटी एक ओळ होती : घरी अजून सांगितलेलं नाही. गावात अजून ‘साहेब कधी होणार’ असं विचारतात, म्हणून सणालाही जात नाही. जोपर्यंत तुम्ही थांबलात हे कुणाला माहीत नाही, तोपर्यंत तुमच्यासाठी जागा आहे हेही तुम्हाला कुणी सांगणार नाही. त्यामुळे या आठवड्यात बायोडेटा उघडण्याआधी आई-वडिलांना फोन करा आणि सांगा, की परीक्षा थांबवली आहे, आता काम शोधतोय. मग त्या जुन्या दादाला फोन करा. पुढच्या रविवारी पगाराच्या आकड्याबद्दल बोलू.