मुदत शनिवारपर्यंत

रविवारची सकाळ. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर पेपर येऊन पडला आहे. त्याची घडी कोणी मोडायच्या आत वहिनी पोटातली गुळगुळीत पुरवणी ओढून काढते. कात्री तुटक रेघेवरून जाते, तसूभरही इकडेतिकडे नाही. बारकोड कापला गेला तर कूपन मेलं.

"भाऊजी, तो कोपरा जरा दाबून धरा."

मी धरतो. पूर्वी या टेबलावर 'स्टार-लेजर' असायचा. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. तेव्हा बाकीचे वाचक बातम्यांसाठी हळहळले, आमच्याकडे पुरवणीचं सुतक होतं, असं दादा सांगतो. आताच्या पेपरात ती येते, पण रोडावलेली. चार पानं उलटली की टूथपेस्ट, कपड्यांचा साबण, डायपर, मक्याच्या लाह्यांसारखं ते सकाळचं सीरियल, की संपली.

कापलेलं प्रत्येक कूपन फाइलीत जातं. तीन कड्यांची जाड फाइल, आत पारदर्शक प्लास्टिकची पानं, दर पानाला नऊ खिसे. मुळात ही पानं इथली मुलं बेसबॉल खेळाडूंची कार्डं जपायला वापरतात. वहिनीने त्यांत कूपनं घडी घालून बसवली आहेत, मुदतीची तारीख वर दिसेल अशी. मला वाटलं होतं एबीसीडीप्रमाणे असतील. तसं नाही. दुकानाच्या दारातून आत शिरल्यावर ज्या क्रमाने रांगा लागतात त्याच क्रमाने फाइलीची पानं लागतात. सर्वांत पुढे एक वेगळं पान, त्यातल्या कूपनांची मुदत येत्या शनिवारी संपते.

मी एक कूपन उजेडात धरून बारीक अक्षरं वाचतो. रोख मूल्य, सेंटचा शंभरावा भाग. म्हणजे अशी शंभर गोळा केली तर एक सेंट. पूर्वी दुकानदार खरेदीवर तिकिटं द्यायचे, ती साठवून वस्तू घ्यायची. त्या तिकिटांना काहीतरी रोख मोल असलंच पाहिजे असे कायदे काही राज्यांनी केले, आणि त्यांचं शेपूट कूपनावर अजून छापलं जातं. खाली आणखी एक ओळ आहे, दुकानदारासाठी. कूपनाची रक्कम आणि वर आठ सेंट हाताळणीचे, कंपनी त्याला भरून देईल. त्यासाठी दुकानांत जमलेल्या या चिठोऱ्यांच्या थैल्या छाननीला जातात. कित्येक तर सीमेपलीकडे मेक्सिकोत जातात, तिथे माणसं बसून ती निवडतात. दोन डॉलरच्या कागदाचा केवढा हा प्रवास!

फाइल चाळताना लक्षात येतं, यात तूरडाळ नाही. पोहे नाहीत, भेंडी नाही, कांदे नाहीत. कूपन काढते कंपनी, आणि तेही जाहिरातीच्या पैशांतून. सुट्या कांद्याची जाहिरात कोण करणार? म्हणजे मराठी स्वयंपाकघरातल्या निम्म्या जिनसांना ही फाइल निरुपयोगी. "म्हणूनच तर शिकावं लागलं," वहिनी म्हणते. "कुठल्या बाईला सीरियलचे बारा प्रकार पाठ असतात?"

दादा कॉफीचा मग घेऊन येतो आणि नेहमीचा बार उडवतो. "हिला विचार, ताशी किती पडतात."

वहिनी कात्री थांबवत नाही. "तेव्हा माझ्या तासाला दुसरं गिऱ्हाईक होतं का?"

दादा मगात बघतो. 2009 साली वहिनी इथे आली ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीवाल्याची बायको म्हणून. ठाण्याच्या बँकेतला काउंटर सोडून आलेली बाई, आणि इथे एक डॉलर कमवायला कायद्याने बंदी. मे 2015 मध्ये नियम बदलला, आणि ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापुढे सरकला होता त्या बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. मधली वर्षं ही फाइल हेच तिचं टेबल होतं. कूपनामागचं गणितही तसंच आहे. कंपनीला सगळ्यांसाठी भाव उतरवायचा नसतो. जो कापेल, जपेल, तारीख पाळेल, त्यालाच सूट. ज्याच्या वेळेला बाजारात भाव आहे तो कात्री हातात घेत नाही आणि पूर्ण किंमत मोजतो. वहिनी आता एका दाताच्या डॉक्टरकडे हिशेब बघते, तरी फाइल सुटलेली नाही. 2011 च्या सुमारास टीव्हीवर कूपनवेड्यांचा कार्यक्रम लागायचा. लोक तळघरात मोहरीच्या सॉसच्या बाटल्यांची भिंत रचायचे. त्यांचं नाव काढलं की ती नाक मुरडते. "साठ बाटल्या घेऊन करायचं काय? ती बचत नाही, हाव आहे."

दुकानात शिरताना तिघांच्या हातांत घरच्या पिशव्या. मे 2022 पासून या राज्यात दुकानदार प्लास्टिकच्या पिशव्या देत नाहीत, मोठ्या किराणा दुकानांत तर कागदीही नाहीत. फाइल ढकलगाडीच्या पुढच्या कप्प्यात उघडी, बाळ बसवतात तिथे. डायपरच्या रांगेत वहिनी थांबते. घरात बाळ नाही. दोन कूपनं काढून ती पाकिटांच्या कडेला खोचते. "ज्याला लागेल तो घेईल." कूपनावर छापलेलं असतं, हस्तांतर केल्यास रद्द. तेवढा गुन्हा ती बिनदिक्कत करते.

पुढच्या रांगेत एक गोरी आजी फळीवरच्या पिवळ्या पट्टीकडे टक लावून उभी आहे. पट्टीवर मोठ्या आकड्यांत कमी भाव, आणि खाली बारीक अक्षरांत, फक्त फोनवरच्या कूपनासह. आजीच्या हातात घडीचा जुना फोन. वहिनी फाइल चाळते, त्याच साबणाचं कागदी कूपन सापडतं, देते. आजी तारीख तपासते. जुनी खेळाडू दिसते.

काउंटरवर घोळ होतो. टूथपेस्ट तीन डॉलर नव्व्याण्णव सेंटची, वहिनीचं कागदी कूपन दोन डॉलरचं, आणि यंत्र ते घेत नाही. रात्री पडल्या पडल्या दादाने फोनवर दिसतील ती सगळी कूपनं 'क्लिप' करून ठेवली आहेत. त्यात याच टूथपेस्टचं एक डॉलरचं होतं. फोन नंबर दिल्याबरोबर यंत्राने ते आपणहून वळतं केलं. एका वस्तूवर कंपनीचं एकच कूपन चालतं.

वहिनी दादाकडे फक्त बघते. मग काउंटरवरच्या मुलीला शांतपणे सांगते, ही टूथपेस्ट या बिलातून काढा, वेगळं बिल करा, त्याला फोन नंबर देणार नाही. मागचा माणूस मोठ्याने उसासा टाकतो. ती मान वळवत नाही. बीप. एक डॉलर नव्व्याण्णव, अधिक सव्वीस सेंट कर. कंपनीच्या कूपनाची रक्कम दुकानाला परत मिळते, म्हणून कर मूळ किमतीवर, 6.625 टक्के. वहिनी पावती बघून मान हलवते. बरोबर आहे. बँकेतली नजर.

तिथून गाडी ओक ट्री रोडला, देशी दुकानांच्या रस्त्यावर. इथे फाइल गाडीतच राहते. तूरडाळ, पोहे, गूळ, भाव न बघता टोपलीत. शेवटी कढीपत्ता. मूठभर पानं प्लास्टिकच्या पाकिटात, वर किमतीचं लेबल. वहिनीचा हात अडतो. ठाण्यात कोथिंबिरीच्या जुडीबरोबर भाजीवाली न मागता दोन डहाळ्या टाकायची.

"का गं, याचं कूपन नाही फाइलीत?" दादा विचारतो.

"तूच कर की क्लिप," वहिनी दोन पाकिटं टोपलीत टाकत म्हणते, "रात्री पडल्या पडल्या."