अंगठ्याच्या ठशापासून कॅमेऱ्यापर्यंत

देपालपूर तालुक्यात कुणाचं दुखणं बळावलं, की घरची माणसं इंदूर गाठतात. तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाला सगळे ‘एमवाय’ म्हणतात. गोरगरिबांचा आधार असलेलं हेच रुग्णालय 2010 नंतर औषध-चाचण्यांच्या वादात सापडलं.

त्याची मुळं 2005 मध्ये आहेत. परदेशात चाचणीचा दुसरा किंवा तिसरा टप्पा सुरू असेल, तर तोच टप्पा भारतातही सोबतीने घ्यायला त्या वर्षी मुभा मिळाली आणि कंपन्यांची रीघ लागली. बीबीसीच्या 2012 मधल्या वृत्तानुसार एमवायमध्ये सात वर्षांत 73 चाचण्या झाल्या. त्यांतल्या 3300 रुग्णांत 1833 मुलं होती. आपल्या माणसावर चाचणी चालली होती, हे कितीतरी कुटुंबांना मागाहून कळलं. इंदूरचे डॉ. आनंद राय यांनी याविरुद्धच्या तक्रारी लावून धरल्या. चाचण्यांची माहिती न देणाऱ्या बारा डॉक्टरांना राज्य सरकारने दंड केला, तो प्रत्येकी 5000 रुपये.

इंदूर ज्या माळव्यात आहे, त्याच माळव्यात, मंदसौर-नीमचकडे, अफू पेरायला सरकारी पट्टा म्हणजे परवाना लागतो आणि सगळा चीक सरकारजमा करावा लागतो. चिकावर एवढा पहारा असताना माणसाच्या अंगात जाणाऱ्या नव्या औषधाकडे एवढी डोळेझाक व्हावी, हे अस्वस्थ करणारं आहे.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने या चाचण्यांविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 3 जानेवारी 2013 रोजी न्यायालयाने सरकारला खडसावलं. त्याच वर्षी भरपाईचे नियम आले, चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांना नोंदणी सक्तीची झाली आणि संमती कॅमेऱ्यासमोर घेणं आलं. डॉक्टरने रुग्णाच्या भाषेत औषध, धोके समजावायचे, शंकांना उत्तरं द्यायची, मगच सही. निरक्षर रुग्णाच्या अंगठ्यापाशी त्रयस्थ साक्षीदार हवा. 2015 मध्ये चित्रीकरणाची सक्ती नव्या औषध-रेणूंच्या चाचण्यांतल्या दुर्बल गटांपुरती उरली. 2019 च्या नियमांनी समितीतले निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत, असं ठरवलं.

कागदावर हे मोठं यश आहे. पण खेड्यातला रुग्ण डॉक्टरांना ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणतो. त्या विश्वासाला संमती समजणं हा अन्याय आहे. नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत, हे त्याला फॉर्म पुढे करण्याआधी सांगितलं पाहिजे, आणि ते त्याला पटलं आहे की नाही, हे समितीने स्वतः जाऊन विचारलं पाहिजे.