घरगुती सफाईंत वाफेचें स्थान

केरसुणी, फडकें, राख, चिंच आणि सोडा या जुन्या साधनांच्या पंक्तीस शहरांतील पुष्कळ घरांत आतां एक नवें साधन येऊन बसलें आहे. विजेवर पाणी उकळून त्याची वाफ नळीवाटें बाहेर सोडणारें हें यंत्र 'स्टीम क्लीनर' या नांवानें ओळखलें जातें. त्याचे प्रकार मुख्यतः तीन. एक हातांत धरण्याजोगा लहान, दुसरा उभ्या दांड्याचा व फरशी पुसण्याच्या उपयोगाचा, आणि तिसरा चाकांवर फिरणारा, पाण्याची बंद टाकी व लांब नळी असलेला. साबण नको, औषध नको, नुसती वाफ फिरविली कीं मळ जातो आणि जंतु मरतात, अशी या यंत्राची ख्याति ऐकूं येते. ती सर्वस्वी खोटी नाहीं. परंतु अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या सत्यावर विसंबून राहणाऱ्या घरांत सफाई झाल्याचें समाधान मात्र होतें, सफाई होत नाहीं. ज्या घरांत रांगतें मूल आहे किंवा दम्याचा रोगी आहे, त्या घरास असें खोटें समाधान महाग पडण्याचा संभव असतो. म्हणून वाफ नेमकें काय करते आणि काय करूं शकत नाहीं, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

वाफेनें मळ काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. खाराच्या पाण्यांत भिजविलेल्या कपड्यांची रास तापत्या हंड्यावर रचून तींतून वाफ खेळविण्याची परटाची भट्टी हा तिचाच एक प्रकार होय. या भट्टींतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, कपडे वाफेंत घटकाभर नव्हे तर कित्येक तास राहत. आणि दुसरी, भट्टींतून निघालेले कपडे परीट तसेच वाळत घालीत नसे, तर घाटावर नेऊन पाण्यांत धूत असे. वाफ मळ सैल करी, पाणी तो वाहून नेई. नव्या यंत्राचें सारें रहस्य या दोन गोष्टींत सांठविलेलें आहे.

प्रथम वाफेचें बळ कशांत आहे तें पाहूं जातां, तें तिच्या फूत्कारांत नसून तिच्यांत सांठलेल्या उष्णतेंत आहे असें दिसून येईल. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. परंतु त्या उकळत्या पाण्याची वाफ करावयाची तर आणखी ५४० कॅलरी खर्चाव्या लागतात, आणि एवढी उष्णता पोटांत घेऊनहि वाफेचें तपमान १०० अंशच राहतें. या लपून राहणाऱ्या उष्णतेस अप्रकट उष्णता म्हणतात. ग्लासगो येथील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनीं इ. स. १७६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत प्रयोगांनीं तिचा छडा लावला. वाफ थंड पृष्ठभागास लागून तिचें पुन्हां पाणी झालें, कीं ही सर्व ठेव ती त्या पृष्ठभागास एकदम देऊन टाकते. तापलेल्या कोरड्या हवेंत क्षणभर घातलेला हात सुखरूप बाहेर येतो; पण तितक्याच वेळांत भांड्यांतून निघणारी वाफ हात भाजून काढते, याचें कारण हेंच.

येथें डोळ्यांची एक फसगत होते, ती टाळली पाहिजे. खरी वाफ डोळ्यांस दिसतच नाहीं. किटलीच्या तोंडाशीं बोटभर जागा रिकामी दिसते आणि तिच्यापुढें पांढरा लोट दिसूं लागतो. त्या रिकाम्या जागेंत वाफ असते. पांढरा लोट म्हणजे थंड झालेल्या वाफेचे पाण्याचे बारीक थेंब होत. यंत्राच्या नळीचीहि तीच गोष्ट. टाकींत ३ ते ४ वातावरणांइतका अधिक दाब असेल तर आंतील तपमान १४० ते १५० अंशांच्या दरम्यान असतें. परंतु तोंडाबाहेर पडतांच दाब ओसरतो, वाफ १०० अंशांच्या आसपास येते आणि हवेंत मिसळून वीतभर अंतरावर फारच निवते. हातभर दूर उभें राहून भिंतीवर पांढरा ढग सोडणारा मनुष्य भिंत तापवीत नसतो, ती केवळ ओली करीत असतो. म्हणून नळीचें तोंड पृष्ठभागास जवळजवळ टेंकवूनच काम केलें पाहिजे.

दुसरी मर्यादा उष्णतेच्या मापाची. १५०० वॅटचें यंत्र एक लिटर पाण्यास उकळी आणण्यास सुमारें साडेतीन ते चार मिनिटें घेतें, आणि त्यानंतर मिनिटास सुमारें ४० ग्रॅम वाफ देऊं शकतें. याहून अधिक देणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. ही ४० ग्रॅम वाफ निवतांना जी अप्रकट उष्णता सोडते, ती फार तर पाव लिटर थंड पाण्यास उकळी आणण्याइतकी असते. मिनिटाची कमाई ही एवढीच. ती हातभर जागेवर खर्चिली तर तेथें कार्य होईल. तीच एका मिनिटांत साऱ्या दिवाणखान्यावर उधळली तर कोठेंच कांहीं होणार नाहीं. मोदकपात्राच्या वाफेवरून मोदक झरकन् फिरवून घेतला तर तो शिजत नाहीं. झांकण लावून त्यास दहापंधरा मिनिटें द्यावी लागतात. मळाचें आणि जंतूंचेंहि तसेंच आहे. वाफेस वेळ दिल्याशिवाय तिच्याकडून काम घेतां येत नाहीं.

जंतुनाशाच्या बाबतींत वाफेची थोरवी निर्विवाद आहे. रॉबर्ट कॉख व त्यांचे सहकारी यांनीं १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोरड्या तप्त हवेपेक्षां वाहती वाफ कितीतरी प्रभावी ठरली. रुग्णालयांत शस्त्रक्रियेचीं हत्यारें व कपडे आजहि दाबाखालील वाफेनें, साधारणतः १२१ अंशांवर १५ मिनिटें ठेवून, निर्जंतुक करितात. परंतु तेथें बंद पात्र असतें, दाब असतो आणि ठरलेला वेळ असतो. उघड्या फरशीवर यांपैकीं एकहि गोष्ट नसते. पुष्कळसे साधे जंतु ७० अंशांच्या वर थोड्या वेळांत मरतात. कांहीं जातींचे कठीण कवचाचे बीजकण मात्र उकळत्या पाण्यांतहि तग धरतात. तेव्हां घरगुती यंत्रानें फरशीवरील जंतूंची संख्या पुष्कळ घटते असें म्हणणें रास्त. घर रुग्णालयाप्रमाणें निर्जंतुक होतें असें म्हणणें धाडसाचें.

आतां मळाचा विचार. स्वयंपाकघरांतील ओट्यामागच्या फरश्यांवर फोडणीच्या तेलाचा थर बसतो. उष्णतेनें तेल पातळ होऊन सुटतें, आणि येथें वाफेचा उपयोग उत्तम होतो. पण सुटलेलें तेल नाहींसें होत नाहीं. तें खालीं ओघळतें आणि थंड होतांच पुन्हां चिकटतें. म्हणून एका हातांत नळी तर दुसऱ्या हातांत कोरडें सुती फडकें असावें, आणि वाफ दिलेली जागा गरम आहे तोंच पुसून घ्यावी. फडकें मळलें कीं बदलावें. एरवीं मळ एका फरशीवरून दुसरीवर जातो इतकेंच. वर्षानुवर्षें तापून राळेसारखा घट्ट झालेला तेलकट थर नुसत्या वाफेस दाद देत नाहीं. त्यास आधीं सोड्याचें पाणी लावून मऊ करावें लागतें. न्हाणीघरांतील नळांवर व बादल्यांवर बसणारा पांढरा थर हा तर तेलाचा नव्हेच, तो जड पाण्यांतील चुन्याचा होय. उष्णतेनें तो विरघळत नाहीं. त्यास लिंबाच्या रसासारखें आम्लच हवें. फरश्यांचे सांधे, खिडक्यांच्या पन्हळी, शेगडीचे कोपरे, शौचकूपाच्या कडा, अशा जेथें फडकें पोंचत नाहीं त्या जागा मात्र वाफेच्या खास अधिकारांतील आहेत.

गाद्या व पलंग यांचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. ढेकूण व त्यांचीं अंडीं ५५ अंशांच्या वर तपमान पोंचल्यास मरतात, त्यामुळें औषध न फवारतां त्यांचा बंदोबस्त करण्यास वाफ उपयोगी पडते. परंतु गादीच्या शिवणींवरून व पलंगाच्या सांध्यांवरून नळी अगदीं संथपणें फिरविली पाहिजे आणि तिच्या तोंडास रुंद, मऊ वाफ सोडणारा जोड असला पाहिजे. बारीक तोंडाच्या जोरदार झोतानें ढेकूण मरण्याऐवजीं उडून दुसरीकडे जातात. गादीच्या पोटांत किंवा भिंतीच्या खोल भेगांत दडलेले ढेकूण वाफेच्या तडाख्यांतून वांचतात, म्हणून कांहीं दिवसांनीं पुन्हां तपासणी करून तोच उपाय योजावा. धुळींतील सूक्ष्म किड्यांचेंहि असेंच आहे. ते उष्णतेनें मरतात, परंतु दम्यास चाळवणारे त्यांचे अवशेष गादींतच राहतात. ते व्हॅक्यूम क्लीनरनें ओढून काढल्यावांचून रोग्यास आराम पडत नाहीं. शिवाय वाफ म्हणजे अखेर पाणीच. कोंकणांत किंवा मुंबईस भर पावसाळ्यांत गादीस वाफ दिली आणि ती वाळली नाहीं, तर किडे जाऊन बुरशी येईल. असें काम उन्हाच्या दिवशीं सकाळीं करून गादी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवावी.

कांहीं वस्तूंपासून वाफ दूरच ठेवावी. लाखेचें पॉलिश केलेल्या लांकडावर तिनें पांढरे डाग पडतात. सरसानें अगर डिंकानें जोडलेल्या वस्तूंचे सांधे सुटतात. प्लायवुडचे पापुद्रे फुगतात. हिंवाळ्यांत गार पडलेल्या कांचेवर एकदम झोत सोडल्यास ती तडकते. रेशीम, चामडें, मेण लावलेली फरशी व डिस्टेंपरच्या भिंती यांसहि ती मानवत नाहीं. विजेचीं बटणें आणि विद्युत् उपकरणें यांजवळ तर ती कदापि नेऊं नये.

यंत्राचे स्वतःचे नियमहि थोडे पण कडक आहेत. १५०० वॅटचें यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरच्या सुमारास प्रवाह घेतें. म्हणून दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या खोबणींत तें न लावतां, जमिनीची तार जोडलेल्या १६ अँपिअरच्या मोठ्या खोबणींतच लावावें. टाकींत स्वच्छ, मऊ पाणीच भरावें; फिनेल, शिरका किंवा ब्लीचिंग पावडर घालूं नये. ज्या फरशीवर ब्लीचिंग पावडर पडली असेल ती आधीं साध्या पाण्यानें धुवून घ्यावी, कारण उष्णतेनें तींतून घातक वायु सुटण्याचा धोका असतो. बंद टाकीच्या यंत्राचें झांकण तें तापलेलें असतां उघडूं नये. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपलें दाबाचें भांडें मांडलें, तेव्हां त्यास वाफ सोडणारी सुरक्षेची झडप जोडलेली होती. घरोघरच्या कुकरची झडप तिचीच वंशज. दाब पूर्ण उतरल्यावांचून कुकरचें झांकण काढूं नये हा जो नियम प्रत्येक घरास ठाऊक आहे, तोच येथेंहि पाळावा.

सर्वांत शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मुलांचा. फूत्कार करणारें यंत्र पाहून मुलें जवळ धांवतात, आणि वाफेनें भाजलेली जखम उकळत्या पाण्याच्या जखमेहूनहि खोल जाऊं शकते. यंत्र चालू असतां मुलांस त्या खोलींत येऊं देऊं नये, व काम संपल्यावरहि तें निवेपर्यंत त्यांच्या हातीं लागेल असें ठेवूं नये. दुर्दैवानें कोणी भाजलाच तर बांगडी, आंगठी ताबडतोब काढून ती जागा साध्या थंड वाहत्या पाण्याखालीं पुरीं २० मिनिटें धरावी. बर्फ, शाई, टूथपेस्ट किंवा हळद यांपैकीं कांहींहि लावूं नये. फोड मोठे असतील, अथवा चेहरा किंवा हात भाजला असेल, तर पाण्यानें निववून लागलींच डॉक्टरांकडे जावें.

एकंदरींत, हें यंत्र केरसुणीस किंवा फडक्यास रजा देणारें नव्हे. तें त्यांच्या जोडीस आलेलें आहे. आधीं झाडावें, मग जवळून व सावकाश वाफ द्यावी, लगेच पुसावें आणि जागा वाळूं द्यावी, हा क्रम संभाळणाऱ्यास ही यंत्रें खरोखर उपयोगी पडतात. एके दिवशीं सारें घर वाफाळून टाकण्यापेक्षां एके दिवशीं न्हाणीघर, दुसऱ्या दिवशीं ओटा, तिसऱ्या दिवशीं गादी, असें वांटून घेतलेलें काम अधिक पदरांत पडतें. पाण्याच्या एका टाकींत जेवढी उष्णता आहे तेवढेंच काम तींतून निघणार. तें कोठें खर्चावयाचें, एवढें ठरविणें मात्र घरच्या माणसांच्या हातीं आहे.